ग्रंथपाल शिकायला गेले आहेत

पुस्तक परत करायला गेलं की रजिस्टर उघडायच्या आधी आमचे ग्रंथपाल विचारत, "कुठं कंटाळलात?"

आवडलं का, असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. मलाच काय, कुणालाच नाही. आवडलं म्हणताना माणूस खोटं बोलतो, कंटाळलो म्हणताना बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा संगमनेरात नगरपालिकेच्या शाळेवर शिक्षिका होते. दिवसभर पोरांना प्रश्न विचारून संध्याकाळी आपणच उत्तरं देत उभं राहायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. पहिल्या खेपेला मी तोऱ्यातच सांगितलं, "कुठंच नाही." पुस्तक कोरं करकरीत होतं, माझ्या आधी कुणी नेलेलं नव्हतं. त्यांनी ते उघडलं, मागची पानं अंगठ्यानं चाळली आणि म्हणाले, "शेवटची पानं अजून एकमेकांना जोडलेलीच आहेत. कापल्याशिवाय वाचण्याची युक्ती मलाही शिकवा." माझ्या मागं चार माणसं उभी होती. मी त्या दिवशी ठरवलं की या वाचनालयात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, आणि तिसऱ्या दिवशी परत गेले.

दिसायला काही म्हणता काही नव्हतं. बुटकी मूर्ती, पन्नाशीच्या आसपासचं वय, धोतरावर काळा कोट. पोस्टमास्तर म्हणून कुठंही खपून गेले असते. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, दोन वेळचं जेवण खानावळीत. कोटाच्या खिशाला नेहमी खळीचे पांढरे डाग, कारण फाटकी पुस्तकं ते स्वतः चिकटवत आणि बोटं कोटाला पुसत. गावात वाचनालयं आणखीही होती, मोठी होती. आमचं हे लहानसं, विड्यांच्या कारखान्याला लागून असलेलं. एक लांबट हॉल, मागं अंगण, अंगणापलीकडं अडगळीची खोली.

ते कुणालाही नावानं हाक मारत नसत. जो पुस्तक नेतो तो 'वाचक'. मामलेदार आले तरी "या वाचक", आणि भाजीची गाडी लावणारा गडी आला तरी "या वाचक". आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी निवडून आल्यापासून एकही पुस्तक नेलेलं नव्हतं, म्हणून त्यांना ते "या पाहुणे" म्हणत. अध्यक्ष कसल्याशा सहकारी संस्थेचे संचालक होते, खेड्यातून वर आलेले, मनानं वाईट नव्हते. पण ही हाक त्यांना झोंबायची.

ग्रंथपालांचा एकच गर्व होता. कुणी विचारलं, अमकं पुस्तक आहे का, तर ते कपाटाकडं न बघता म्हणत, "पाहिजे ते आहे." आणि खरोखर असायचं. नसलंच तर चार दिवसांत कुठून तरी आणायचे. या वाक्याची त्यांना इतकी सवय झाली होती की प्रश्न पुरता व्हायच्या आत ते उत्तर द्यायचे.

दुष्काळाचं ते साल. प्रवरेच्या पात्रात नुसते दगड दिसत होते आणि रेशनला लाल मिलो ज्वारी मिळत होती. वाचनालयाच्या दारात रांजण असे, आणि तो भरलेला आहे याची खात्री केल्याशिवाय ते वर्तमानपत्रं लावत नसत. शेजारच्या कारखान्यात वळलेल्या विड्या जमा करायला बाया यायच्या, त्या या रांजणावर थांबत. एका दुपारी त्यांतली एक पाणी पिऊन तिथंच उभी राहिली. पंचविशीची असेल. चेहऱ्यावर देवीचे व्रण, डोळे गेलेले, एका हातात काठी, दुसऱ्या हातात विड्यांची टोपली. तिचं नाव यमुना, हे नंतर कळलं. मूळची अकोल्याकडच्या डोंगरातली. लहानपणी देवी येऊन डोळे गेले, मग कुणी तरी पुण्याला मुलींच्या अंधशाळेत ठेवलं, आणि शाळा सुटल्यावर ती इथं बहिणीकडं राहून विड्या वळत होती.

तिनं मान वर करून वास घेतल्यासारखं केलं आणि विचारलं, "हितं पुस्तकं हायती का?"

"पाहिजे ते आहे," ग्रंथपाल म्हणाले.

"आमी बोटांनी वाचतो. तसलं हाय का?"

शाळा सकाळची झाली होती, म्हणून मी समोरच बसले होते. या माणसाला कपाटाकडं वळून बघताना मी प्रथमच पाहत होते. मग ते म्हणाले, "नाही."

"बरं," ती म्हणाली. रागानं नाही, दुःखानंही नाही, नेहमीचं उत्तर नेहमीच्या ठिकाणी मिळाल्यासारखं. टोपली सावरून ती गेली. ग्रंथपाल मात्र हातात पाण्याचा तांब्या धरून तसेच उभे राहिले. मी पुस्तक मागितलं तर त्यांनी मला ते कपाटातून काढून दिलं आणि कुठं कंटाळलात हे विचारायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयाला कुलूप. दारावर त्यांच्या रेखीव अक्षरात कागद चिकटवलेला: 'ग्रंथपाल शिकायला गेले आहेत.'

गावात हसू झालं. चहाच्या दुकानात लोक एकमेकांना विचारू लागले, ग्रंथपाल कितवीला बसलेत? अध्यक्षांनी कुणाकडून तरी कुलूप काढवून एका कारकुनाला बसवलं. उन्हाळ्याची सुट्टी लागता लागता स्वारी परतली, काखेत एक जाड पाटी आणि खिशात लाकडी मुठीची टोचणी घेऊन. त्या पाटीला ओळीनं खिडक्या असलेली धातूची पट्टी होती. पुण्याच्या एका अंधशाळेत जाऊन हे गृहस्थ लहान मुलांच्या वर्गात बसले होते. "मागच्या बाकावर बसवलं मला," ते सांगत. "उंच म्हणून नाही, ढ म्हणून." डोळ्यांनी ब्रेल त्यांना लवकर यायला लागलं. बोटांनी मात्र कधीच धड आलं नाही. "माझे डोळे सुशिक्षित आहेत, बोटं अडाणी आहेत," असं ते कौतुकानं, म्हणजे वाचणाऱ्यांच्या बोटांबद्दलच्या कौतुकानं, म्हणत.

अध्यक्ष संतापून म्हणाले, न विचारता गेलात, नोकरीवरनं काढावं लागंल. यांनी उत्तर दिलं, "काढा. पण एका वाचकाला पुस्तक द्यायचं राहिलंय, तेवढं देऊन जातो." त्या पुस्तकाला किती दिवस लागणार आहेत याची अध्यक्षांना कल्पना नव्हती, म्हणून ते हो म्हणाले.

ज्यानं ते काम पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. जाड कागद पट्टीत अडकवायचा आणि एकेक ठिपका टोचणीनं टोचायचा. ठिपके मागच्या बाजूला वर येतात, म्हणून सगळं उलटं लिहायचं, उजवीकडून डावीकडं, अक्षरसुद्धा आरशातलं. पान उलटलं की ते सुलटं होतं. शाळेच्या एका धड्याची बघता बघता पानंच्या पानं होत, आणि एका बऱ्यापैकी पुस्तकाचे सात-आठ जाडजूड भाग. एखादा ठिपका चुकला की सगळं पान फेकून ते नव्यानं सुरू करायचे. मी एकदा म्हटलं, एवढ्याशा चुकीनं काय होतंय, कळेल तिला संदर्भानं. ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात छापखान्याची चूक निघाली की तुम्ही येऊन माझ्याशी भांडता. त्यांनी का भांडू नये?"

जाड कागद आणायचा कुठून? तर व्यापाऱ्यांची कॅलेंडरं. साल संपलं की ते बाजारपेठेतल्या दुकानांतून फिरत आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर मागून आणत. चित्राच्या बाजूनं टोचायचं, म्हणजे कोऱ्या पाठीवर ठिपके उठतात. भुसारमालाचा एक व्यापारी कॅलेंडर देईना. "लक्ष्मीच्या तोंडाला भोकं पाडणार तुम्ही," म्हणाला. ग्रंथपाल चित्रासमोर हात जोडून क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "विचारलं मी. वाचण्याच्या कामी येत असेल तर टोच म्हणाली." व्यापारी हसला आणि त्यानं गोदामातली जुनी कॅलेंडरंही काढून दिली.

मला त्यांनी कधी पकडलं ते आठवत नाही. पण शाळा सुटल्यावर मी त्यांच्या टेबलासमोर बसून मजकूर वाचून दाखवू लागले आणि ते टोचू लागले. मी वाक्य भराभर वाचायची, ते हात वर करून थांबवायचे. "स्वल्पविराम गिळलात." मी चिडायची. एक विनोदी पुस्तक चाललं होतं तेव्हा वाचता वाचता मला हसू आवरेना, तर त्यांनी टोचणी खाली ठेवली. "हसू नका. पहिलं हसू वाचकाचं आहे." आता सांगताना गंमत वाटते, पण तेव्हा मी त्या माणसाकडं बघत राहिले. हातांना घट्टे पडलेले, पाठ वाकलेली, आणि काळजी कसली, तर दुसऱ्याच्या वाट्याचं हसू आपण आधी वापरू नये याची. अशी माणसं मी नंतर फार पाहिली नाहीत.

यमुनेला त्यांनी कसलीही सूट दिली नाही. वर्गणी घेतली, कार्ड दिलं. एकदा तिनं एक भाग मुदतीबाहेर ठेवला तर दंड लावला. तिची बहीण भांडायला आली, आंधळ्या पोरीकडनं दंड घेता, लाज वाटत नाही का. ग्रंथपाल शांतपणे म्हणाले, "मुदत संपली होती." यमुना मागं उभी राहून हसत होती. "राहू दे गं आक्का," ती म्हणाली. "आजवर मला कुनी दंडच केला नव्हता."

आणि एकदा एक सधन बाई तिच्यासाठी साडी घेऊन आल्या. बिचारी, बिचारी असं चार वेळा म्हणाल्या. हे उठून उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, "क्षमा करा, या शब्दाची प्रत आमच्याकडं नाही." त्या बाईंना काही कळलं नाही. साडी मात्र त्यांना परत न्यावी लागली.

भांडण पेटलं ते जागेवरून. ब्रेलचे हे जाडजूड भाग ते वेगळे ठेवत नसत. छापील पुस्तक ज्या फळीवर, त्याच फळीवर त्याच्याशेजारी टोचलेलं. दोघांना एकच क्रमांक. एका पुस्तकानं एक फळी भरली, तीन-चारांनी कपाट. नेहमीच्या वाचकांच्या कादंबऱ्या खाली जमिनीवर आल्या, मासिकं कोपऱ्यात. तक्रारी सुरू झाल्या. चांगल्या घरच्या, शिकलेल्या लोकांच्या तक्रारी, आणि त्यांचंही अगदीच चुकत नव्हतं. अध्यक्षांनी तोड काढली: अंगणापलीकडची अडगळीची खोली साफ करायची, हे सगळे भाग तिथं ठेवायचे, अंध विभाग अशी पाटी लावायची आणि थाटात उद्घाटन करायचं. वार्षिक सभेत तसा ठराव येणार होता.

"पुस्तक आपल्या छापील भावाशेजारी राहील," एवढंच ग्रंथपाल म्हणत.

मला वाटे, खोली असली म्हणून काय बिघडतं? पुस्तकं तर राहतील. मी यमुनेलाच विचारलं. ती म्हणाली, "बाई, त्या अंगनात लाकडं पडल्याली असत्यात. कुनी तरी हाताला धरून न्यायला लागंल, कुलूप काढून द्यायला लागंल. हितं मी आपली येती, तिसऱ्या कपाटापाशी जाती, हातानं काढून घेती. कुनाला सांगायचं न्हाई, इचारायचं न्हाई. त्येवढ्यासाठीच येती मी. तिकडं नेली तर मी काय यायची न्हाई." मी पुन्हा त्या खोलीबद्दल बोलले नाही.

त्या विनोदी पुस्तकाचा पुढचा भाग सभेच्या आधी नुकताच टोचून झाला होता. एरवी असे भाग ते स्वतः सैल दोऱ्यानं शिवत. पण या खेपेला सभेत तो सर्वांच्या समोर यमुनेच्या हाती द्यायचा त्यांचा विचार होता, म्हणून त्यांनी तो शंकररावांकडं दिला. शंकरराव आमचे बाइंडर. तीन तालुक्यांत त्यांच्यासारखा हात नव्हता. पुस्तक शिवून, सरस लावून ते लोखंडी दाबयंत्रात घालत. त्याला ते शिकंजा म्हणत. त्यातून निघालेलं पुस्तक विटेसारखं ताठ बसायचं. फुगलेलं पुस्तक म्हणजे शंकररावांच्या लेखी बेअब्रू.

सभा रविवारी सकाळी भरली. हॉल गच्च. शंकररावांनी पुस्तक फडक्यात गुंडाळून आणलं होतं. हिरवं कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि जाडी पाहावी तर इतर भागांच्या निम्मी. ग्रंथपालांच्या चेहऱ्यावरचा रंग मला बदललेला दिसला, पण तोवर ते पुस्तक अध्यक्षांच्या हातातून यमुनेच्या हातात गेलं होतं.

"वाचा बाई," अध्यक्ष कौतुकानं म्हणाले. "समद्यांना दिसू द्या."

यमुनेनं पान उघडलं. बोटं ठेवली. ओळीच्या सुरुवातीला गेली, पुन्हा आली. दुसरं पान उघडलं, मग मधलं, मग शेवटचं.

"कोरं हाय," ती म्हणाली.

कुणी तरी हसलं. एक वकील उठून म्हणाले, म्हणजे कोऱ्या कागदांसाठी आपण कपाटं अडवलीत. यमुना आवाजाच्या दिशेनं वळली. "साहेब, मला तर हितली समदी पुस्तकं अशीच लागत्यात," ती म्हणाली. "चार-दोनच तेवढी येगळी हुती. त्यातलं आज एक सपाट निघालं."

वकील खाली बसले. मागच्या बाजूला शंकरराव उभे राहिले होते. "दोन दिस शिकंज्यात ठिवलं मी," ते म्हणाले. "अध्यक्ष म्हनले हुते, ती पुस्तकं फुगल्याली दिसत्यात. म्हनून जरा जास्तच आवळलं. मला वाटलं…"

कितीतरी आठवड्यांचं काम होतं ते. मी त्यातलं पान न् पान वाचून दिलं होतं, आणि मला रडू आवरेना. सगळे ग्रंथपालांकडं बघत होते. त्यांनी यमुनेच्या हातून पुस्तक घेतलं, पानावरून आपली अडाणी बोटं फिरवली, मग उलटून शिवण पाहिली.

"शंकरराव, शिवण फार सुरेख झालीय," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. मी त्यांना ओळखत होते, टोमणा असता तर मला कळला असता. मग यमुनेकडं वळून त्यांनी विचारलं, "वाचक, आपण कुठं थांबला होता?"

"मुलगी बघाय आल्याला पाव्हना चुकीच्या घरात शिरलाय," ती म्हणाली. "पोहे खातोय."

ते कपाटाकडं गेले. छापील पुस्तकाची एकुलती एक प्रत काढली, टेबलाशी बसले, ती मांडीवर उघडी ठेवली, पाटीत कॅलेंडरचा एक कागद अडकवला आणि टोचायला सुरुवात केली.

अध्यक्ष थोडा वेळ थांबले. "ठरावावर तुमचं म्हननं काय ते मांडा," ते म्हणाले.

"वाचक थांबल्यात," ग्रंथपाल मान वर न करता म्हणाले.

करणार काय? सभा पुढं सुरू झाली. हिशेब वाचले गेले, वर्तमानपत्रांचा विषय निघाला, आणि त्या सगळ्याखालून टोचणीचा टक टक टक आवाज. हळूहळू बोलणाऱ्यांचे आवाज बसत गेले. लोक विषय सोडून त्या हाताकडं बघू लागले. दोन वर्षं मी तो हात पाहत होते, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. नोकरी जायची वेळ, केलेलं काम मातीत गेलेलं, आणि हा माणूस दुसरं काहीच नसल्यासारखा एकेक ठिपका उठवत होता. शंकरराव येऊन त्यांच्या टेबलाशी उभे राहिले आणि त्यांनी पाटी हलू नये म्हणून ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

पान झालं. शंकररावांनी ते यमुनेला नेऊन दिलं. तिची बोटं चालू लागली. सगळ्या हॉलला ती बोटं दिसत होती आणि वाचता कुणालाच येत नव्हतं. ती एकदम हसली. पुन्हा वाचून पुन्हा हसली.

"काय हाय त्यात?" अध्यक्षांनी विचारलं.

"सांगती की. आधी वाचू तर द्या."

सगळे थांबले. मग तिनं मोठ्यानं वाचलं. पाहुणा पोहे संपवून म्हणतो, आता मुलीला बोलवा. घरमालक भिडस्त. घर चुकलंय हे सांगायचं त्याच्या जिवावर येतं. तो आत जातो आणि बायकोला हळूच विचारतो, अगं, आपल्याला लग्नाची मुलगी आहे का?

हॉल हसला. वकीलसुद्धा हसले. अध्यक्षांनी डोळे पुसले आणि पुढं वाकून विचारलं, "मंग? बायको काय म्हनली?"

यमुनेनं कागदाच्या तळापर्यंत बोटं नेली. "पान संपलं," ती म्हणाली.

सगळ्यांनी टेबलाकडं पाहिलं. ग्रंथपालांनी दुसरा कागद अडकवला होता आणि टोचणी चालू झाली होती. ठरावाचा कागद अध्यक्षांच्या खुर्चीवरच राहिला. ते उठले, यमुनेच्या बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसले आणि पुढचं पान होईपर्यंत वाट बघत राहिले.